फोटोंच्या जोड्या लावायला शिकवणाऱ्या ताईला, मनापासून थँक्यू

ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालं खरं पण तेवढ्यावर माझं भागत नाहीये, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. फोटोंच्या जोड्या लावत बसलेलं अजून कुणी असेल तर त्यालाही तुझं सांगणं उपयोगी पडेल.

मी तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या पुस्तिकेसाठी ४० फोटो होते, आणि समोरासमोरच्या पानांवर कुठले दोन शोभतील ते ठरवायला दोन महिने मी ते लॅपटॉपवर शेजारी-शेजारी लावून बघत होते. तू हिशोबच मांडलास, ४० फोटोंच्या ७८० जोड्या होतात आणि डावं-उजवं बदललं की १५६०, स्क्रीनवर एकेक बघत बसलीस तर नजर मरून जाईल, आधी प्रिंट काढ. साधे ४ बाय ६ चे प्रिंट काढले, जमिनीवर पसरले, आणि पहिल्या अर्ध्या तासात जे दिसलं ते दोन महिन्यांत दिसलं नव्हतं, कारण हाताने उचलून इकडचा फोटो तिकडे ठेवताना मधेच कुठेतरी भलत्याच फोटोशेजारी तो पडतो आणि तिथेच शोभतो.

माझी सगळ्यात लाडकी जोडी होती पानाच्या शिरा आणि हाताच्या शिरा. तू एवढंच विचारलंस, ‘कळलं एकदा, आता परत बघायला काय उरलं?’ तेव्हा खूप लागलं होतं मला. पण खरंच काही उरलं नव्हतं, सारखेपणा दिसला की जोडी संपतेच.

मग तू सगळे प्रिंट उलटे करून ठेवायला लावलेस, डोकं खाली. उलटं केलं की माणूस, खुर्ची, भिंत असं काही दिसत नाही, नुसत्या रेषा आणि गडद-फिकट भाग दिसतात. आणि रंगीत फोटोंच्या ज्या जोड्या फक्त लाल-लाल जुळलं म्हणून टिकल्या होत्या त्या ब्लॅक अँड व्हाईट करून बघितल्यावर निम्म्या गळून पडल्या, ही युक्ती तर प्रत्येकाने करून बघावी.

आता आजीचा फोटो. आजीचा तो पाठमोरा फोटो मी तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी ठेवला होता, आणि तिथून हलवायची माझी तयारीच नव्हती. तू वाद घातला नाहीस. कुलेशोवची गोष्ट सांगितलीस, शंभरेक वर्षांपूर्वीचा रशियन दिग्दर्शक, त्याने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली कधी दुःख, असं सांगतात. मग म्हणालीस, आजीला पाच वेगवेगळ्या फोटोंशेजारी ठेवून बघ, आणि मी खोलीत एकटीने ते करावं म्हणून तू चक्क बाहेर जाऊन बसलीस.

चौथा फोटो ओल आलेल्या भिंतीचा होता. तिच्या खांद्याचा उतार जिथे फोटोच्या कडेला संपतो बरोबर तिथूनच ओलीची रेघ पुढे सुरू होत होती. खुर्चीशेजारी आजी फक्त गेलेली होती. भिंतीशेजारी काय होतं ते मला अजूनही धड सांगता येत नाही पण मी रडले, आणि ते तुला बाहेर कळलं असणार.

त्यानंतर तू डावं-उजवं बदलायला लावलंस. आपण डावीकडून वाचतो म्हणून आजी डावीकडे असली की ती भिंतीत विरत जाते, भिंत डावीकडे असली की आजी तिच्यातून बाहेर येते. फोटो तेच दोन! मधे किती पांढरी जागा सोडायची यावर आपण एक अख्खी दुपार घालवली, चिकटून ठेवले तर एकच चित्र वाटायचं, फार लांब ठेवले तर रेघ तुटायची, शेवटी बोटभर अंतर बरोबर वाटलं.

४० मधून १४ जोड्या झाल्या. उरलेले १२ फोटो ओढूनताणून कुणाशी बांधू नकोस म्हणालीस, तेही ऐकलं.

पुस्तिका स्टेपलचीच करतेय. मधलं पान सपाट उघडतं, बांधणीत काही गिळलं जात नाही, म्हणून आजी तिथे ठेवलीये. भिंत डावीकडे. पहिली कॉपी तुझी.

तुझीच,
जमिनीवर प्रिंट पसरून बसलेली