आधी तिचा दिवस विचार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझ्याकडं थेरपीला येणाऱ्या लेकरांच्या आयांबद्दल तू फोनवर चिडून म्हणालीस, "आई, ह्या बायका घरी काहीच करत नाहीत गं. आठ दिवसांनी लेकरू परत येतं तेव्हा पाय तसेच कडक. मग मी इथं घाम गाळून काय उपयोग?" मी नुसतं हूं हूं केलं आणि भाकरी टाकायची आहे म्हणून फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तू जिच्याबद्दल बोलत होतीस ती बाई मी होते गं. तू अजून जन्मायची होतीस, म्हणून तुला माहीत नाही. हे बोलून सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तुला वाटेल आई रागावली. म्हणून लिहिते.

दादा १९९९ च्या दिवाळीनंतर झाला, सातव्या महिन्यात. वजन १३०० ग्रॅम. २१ दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आणला तेव्हा सगळे म्हणाले, सातमाशा आहे, सगळं उशिरा करील. मान उशिरा धरली तेव्हाही हेच म्हणाले. पण मला लंगोट बांधताना कळत होतं. त्याच्या मांड्या उघडायच्याच नाहीत. उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. शेजारच्या एका म्हातारीनं आठवण काढली की ११ ऑगस्टच्या ग्रहणात, संध्याकाळी, मी भाजी चिरत बसले होते. ते वाक्य मी दोन वर्षं उराशी घेऊन फिरले. विळी हातात घेतली की तेच आठवायचं.

मग शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं पहिल्यांदा सेरेब्रल पाल्सी हा शब्द ऐकला, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होणं. घरी न्यायला एक कागद दिला, त्यावर १२ चित्रं. प्रत्येक व्यायाम २० वेळा, दिवसातून ३ वेळा. मी बसमध्येच हिशेब केला. रोजचे दोन-अडीच तास. घरात ९ माणसं, दोन म्हशी, पाण्याला गावाबाहेरचा हापसा. पहाटे ४ ला उठायचे, रात्री १० ला पाठ टेकायची. ते अडीच तास कुठून आणायचे ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तरी केलं मी. रात्री सगळी निजल्यावर, कंदिलाच्या उजेडात. दिवसभर थकलेलं लेकरू, पाय ओढला की किंचाळायचं. तुझी आजी दाराशी येऊन उभी राहायची, पदर तोंडाला लावून रडायची आणि म्हणायची, "नको गं माय, पाप लागेल." तिला मी काय समजावणार? मलाच समजलेलं नव्हतं की मी हे कशासाठी करते आहे. चित्रात पाय कुठं धरायचा ते होतं, का धरायचा ते नव्हतं.

महिन्यानं परत गेले. तिथल्या साहेबांनी दादाचा घोटा वाकवून पाहिला आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुम्ही घरी काही करत नाही. तुम्हालाच काळजी नाही तर आम्ही काय करणार?" मी मान खाली घातली. आणि छकुले, त्यानंतर ५ महिने मी कुठंच गेले नाही. दवाखान्याचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. त्या ५ महिन्यांत दादाची टाच वर गेली ती गेली. नंतर बूट, पट्ट्या, प्लास्टर, पुढं ऑपरेशन, सगळं केलं तरी पूर्वीसारखी कधी टेकली नाही. तो दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण एका वाक्यानं एक आई किती दिवस घरात बसू शकते, हे तुला माहीत असावं.

अशा लेकरांच्या थेरपी केंद्राचा पत्ता सांगितला आपल्या गावच्या अंगणवाडीच्या बाईंनी. लातूरला, गंजगोलाईपासून पायी जाण्यासारखं. तेव्हा दोनच खोल्या होत्या, वर पत्रे, जमिनीवर सतरंज्या. चार-पाच लेकरं, त्यांच्या आया, आणि केंद्र चालवणाऱ्या ताई. मी कागद पुढं केला. ताईंनी तो घडी घालून बाजूला ठेवला आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा बरं."

मला वाटलं, झालं, आता इथंही हजेरी. पण त्या खरंच ऐकत होत्या. हापसा किती लांब, दादा तेव्हा कुणाजवळ असतो, भाकरी करताना त्याला कुठं ठेवता, अंघोळ कोण घालतं, घास कसा भरवता. तासभर तेवढंच चाललं. मग म्हणाल्या, "उचलून दाखवा." मी दादाला तान्ह्यासारखं दोन्ही हातांवर आडवं उचललं. तसा तो ताठ झाला, मान मागं, पाय कात्री. ताईंनी त्याला माझ्याकडून घेतलं, आधी कमरेत आणि गुडघ्यात वाकवलं, मग पाय फाकवून माझ्या कडेवर बसवलं. "असंच घेऊन हापशाला जा. जाताना-येताना मांड्यांचा ताण आपोआप सुटतो. हा पहिला व्यायाम."

म्हणजे आपल्या बायका जन्मभर लेकरं कडेवर घेतात तेच. पण मी दादाला आजारी समजून जपायला गेले होते, म्हणून ते सोडलं होतं.

अंघोळीच्या कोमट पाण्यात पाय सैल पडतात, तेव्हाच घोटा हळू वर दाबून धरायचा, मनात तीस अंक मोजायचे. घास भरवताना त्याला मांडीवर उताणं घ्यायचं नाही, मान मागं पडली की दूध-भाकरी श्वासनळीत जाते. बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून. भाकरी करताना चुलीपासून लांब, दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवायचा, मांड्यांमध्ये गुंडाळलेलं पोतं आणि हातात पिठाचा गोळा. म्हशीची धार काढताना गोठ्याच्या मेढीला धरून उभा करायचा. गुडघे सरळ राहावेत म्हणून ताईंनी जाड कापडाचे गेटर शिवून दिले होते, आत लाकडी पट्ट्या घातलेले. घरी आल्यावर मी हिशेब केला. दिवसाचे दीड-दोन तास दादाचा व्यायाम होत होता आणि माझा एक मिनिटही जादा गेला नव्हता.

त्यांनी "का" हेही सांगितलं, आणि तुझ्या आजीला मुद्दाम बोलावून तिच्यासमोर सांगितलं. मेंदूला जो मार बसला तो वाढत नाही आणि पुसूनही जात नाही. पण हाडं वाढत राहतात, कडक स्नायू त्यांच्या वेगानं लांबत नाही, म्हणून काही न केल्यास लेकरू मोठं होईल तसं आखडत जातं. उभं राहिलं नाही तर खुब्याचा सांधासुद्धा जागेवरून सरकू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत पायांकडं जाणारे तंतू फार नाजूक जागी असतात, तेच आधी दुखावतात, म्हणून दादाचे हात बरे आणि पाय कडक. "ग्रहणाचा नि भाजीचा काही संबंध नाही," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आजी त्या दिवशीपासून स्वतः दादाला कोपऱ्यात बसवायला लागली. मी केंद्राच्या दारात बसून अर्धा तास रडले.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी केली. खोटी आशा लावली नाही. "चालेल का?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आत्ता सांगता येत नाही. पण बसेल, हातानं खाईल, आपलं म्हणणं सांगेल, यासाठी आजपासून लागू." दादा आज वॉकर धरून घरात फिरतो, बाहेर जायचं तर खुर्चीवर. दूध डेअरीत फॅट लावून कॉम्प्युटरवर नोंद करतो, त्याच्या हिशेबात कधी १० पैशांची चूक नसते. गावातली माणसं त्याला लिटर विचारतात, पायांचं विचारत नाहीत.

तुझंही त्यात आहे. तू रांगायला लागलीस तेव्हा दादा पावणेपाच वर्षांचा होता. तू भुईमुगाच्या शेंगा घेऊन उंबऱ्याकडं पळायचीस आणि तो कोपरांवर ओढत तुझ्यामागं यायचा. ताई म्हणायच्या, ही आमच्यापेक्षा चांगली थेरपी देते. तुझ्यावर मात्र अन्याय झाला. आठवड्यातून दोन दिवस तुला आजीजवळ टाकून मी एसटीनं लातूर गाठायची. पहिलीच्या गॅदरिंगला तू नाचलीस ते मी पाहिलं नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मला ते ठाऊक आहे.

केंद्रावर पैसा कधीच फार नव्हता. फी म्हणून जमेल ते द्यायचं. सुगीत कुणी ज्वारी आणून टाकायचं, कुणी तूर. लेकरांच्या खुर्च्या आणि उभं राहायच्या चौकटी आपल्याच सुतारानं केल्या. पण एक गोष्ट ताईंच्या फार लवकर लक्षात आली. आमच्यासारख्यांना उपचारापेक्षा येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी जड जाते. म्हणून त्यांनी बाजारच्या दिवशी तालुक्याला बसायला सुरुवात केली. बाई बाजाराला येतेच, येताना लेकरू आणेल. आलेली लेकरं दुपटीनं वाढली. मी २०१० पासून तिथं मदतनीस म्हणून जाते ते त्यामुळंच, नाहीतर घर सोडून मला रोज लातूर कुठलं जमायला.

२०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणत होते. त्या महिन्यांत केंद्र ओस पडलं. नवी लागलेली एक थेरपिस्ट मुलगी अगदी तुझ्यासारखं म्हणाली, ह्यांना गरजच वाटत नाही. ताई तिला आणि मला घेऊन एका गावाला गेल्या. दुपारी १२ ला टँकर यायचा होता, बाया सकाळी ७ पासून घागरी मांडून बसलेल्या. आमच्याकडं येणारी एक आई रांगेत, तिचा चार वर्षांचा मुलगा घरी बाजेवर एकटा. जागा सोडली तर नंबर जातो. ताईंनी तिला बोल लावला नाही. एक रिकामं निळं पिंप अर्ध्यावर कापून घेतलं, काठाला नि आत गोधडी गुंडाळली आणि मुलाला रांगेतच, आईशेजारी, त्यात उभं केलं. पिंपाच्या काठावर हात टेकून तो टँकरची वाट बघत उभा राहिला. त्या उन्हाळ्यात त्याचं उभं राहणं सुटलं नाही.

आत्ता दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आमच्या यादीत आहेत. पाच-सहा महिने ती उसाच्या फडावर असतात. त्यांना "दर आठवड्याला या" असं सांगून काय होणार? जायच्या आधी आम्ही आईबापांना एकच शिकवतो. कोपीजवळ, म्हणजे त्यांच्या झोपडीजवळ, लेकराच्या कमरेइतका छोटा खड्डा करायचा, वाकळ अंथरायची, त्यात ते कुणी न धरता बसतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरं, बहिणीला किंवा भावाला घास भरवायची रीत दाखवतो, कारण पहाटे कोयता घेऊन आई गेली की भरवणारं तेच असतं.

म्हणून माझं तुझ्याकडं मागणं आहे. ती बाई पुढच्या वेळी आली की पाय तपासायच्या आधी तिला बसायला स्टूल दे. ती कुठून येते, किती बस बदलते, घरी कोण कोण आहे, पाणी कुठून आणते, रात्री किती वाजता निजते, हे विचार. लिहून घे, तुझ्या त्या तपासणीच्या कागदावर मागच्या बाजूला. मग तिला लेकरू उचलून दाखवायला सांग. ती जे बरोबर करते ते आधी बोल, काहीतरी बरोबर करतच असते. आणि १२ देऊ नकोस. दोनच दे, तिच्या कामात बसतील असे. तुझे सर म्हणतील दोनानं काय होतं. होतं गं.

कागदपत्रांचंही विचार. कितीतरी जणींना माहीतच नसतं की ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाला की सवलती लागू होतात, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे, निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा विमा आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. लहान लेकराला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवता येतं, तेही फुकट. एका चिठ्ठीवर लिहून दिलंस तरी तिचे चार हेलपाटे वाचतील.

तू फोनवर म्हणालीस तो मुलगाही सातमाशाच आहे ना? दीड वर्षाचा म्हणालीस. अजून टाच टेकते का त्याची? टेकत असेल तर त्या आईला घाबरवू नकोस, पण सोडूही नकोस. दोन वेळा आली नाही तर स्वतः फोन कर. मला त्या ५ महिन्यांत कुणाचा एक फोन आला असता तर मी गेले असते. घरी फोन नव्हता तेव्हा, पण कुणी निरोप धाडला असता तरी.

वेळ अमावस्येला नक्की ये. दादा म्हणतो, यंदा त्याची खुर्ची शेतापर्यंत न्यायला वाट सपाट करून घेतली आहे, कोपीत बसून सगळ्यांबरोबर भज्जी खायची आहे. अंबिलाचं ताक मी आधीच धरून ठेवीन. येताना दोन इंची वेलक्रोची पट्टी पाच मीटर आण, केंद्रातले गेटर सैल झालेत आणि इथं मिळते ती लवकर सुटते. आणि ती बाई काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
आई