प्लेटिंग शॉपमधून इंद्रायणीबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंद्रायणी फेसाळली की तुम्ही आळंदीच्या घाटाचा फोटो छापता आणि खाली लिहिता की शहराचं सांडपाणी आणि कंपन्यांचं पाणी. बरोबरच आहे, पण कंपनी म्हणजे कोण, तर आमच्यासारखे मॅनेजरच ना, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो, गाड्यांच्या पार्टवर निकेल-क्रोम चढवायचं काम. माझी आई एकादशीला आळंदीला जाते, पूर्वी नदीचं पाणी डोळ्याला लावायची, आता घाटावरूनच हात जोडते. घरी मी प्लास्टिकची पिशवी येऊ देत नाही, पण कामावर गेलो की डोक्यात फक्त शिफ्टचं टार्गेट, अशी कितीतरी वर्षं गेली. फेस निदान दिसतो तरी, तो बराचसा साबण-डिटर्जंटचा असतो, निकेल आणि क्रोमियम पाण्यात गेलं तर दिसतसुद्धा नाही, आणि त्यातलं हेक्साव्हेलंट क्रोमियम कॅन्सर करणारं आहे.

सुरुवातीला मी काय केलं, तर भिंतीवर पाणी वाचवाचं पोस्टर लावलं आणि पोरांना सांगितलं की जॉब, म्हणजे प्लेटिंगचा पार्ट, टाकीतून काढला की लगेच रिन्सला, म्हणजे धुवायला, नेऊ नका, वर धरून नीट निथळू द्या. कारण जॉबला चिकटून जेवढं केमिकल रिन्सच्या पाण्यात उतरतं तेवढं सगळं ईटीपीवर, म्हणजे कंपनीतल्या सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर, जातं, तिथे मेटाबायसल्फाईट घाला, चुना घाला, मग त्याचा स्लज, म्हणजे गाळ, होतो आणि तो घातक कचरा म्हणून पैसे भरून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात पाठवावा लागतो. दोन दिवस पोरांनी ऐकलं, तिसऱ्या दिवशी आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, साहेब, जिगमागे (जिग म्हणजे पार्ट अडकवायची चौकट) दहा सेकंद थांबलो तर शिफ्टला जिग कमी निघणार, मग इन्सेंटिव्ह आमचाच कापणार ना?

मला तेव्हा फार लाज वाटली. नदीचं प्रेम माझं आणि त्याचे पैसे मात्र त्या पोरांच्या पगारातून, हे कसं चालेल?

मग मी मालकांकडे गेलो, नदीचं बोललो आणि हिशोबही मांडला. निकेलची टाकी साधारण 55 डिग्रीला चालते, तिचं पाणी उडतच असतं, तर पहिल्या धुण्याचं पाणी साठवून तेच टाकीत परत घातलं की महागडं निकेल पण परत येतं. पुढच्या दोन रिन्स टाक्या जोडून घेतल्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि ते उलटं मागच्या टाकीत जाणार, म्हणजे तेच पाणी दोनदा वापरलं जातं. निथळायला टाकीवर आडवा पाईप लावला, म्हणजे हातात धरून उभं राहायला नको. आणि शिफ्टचं टार्गेट मी स्वतः सही करून खाली आणलं, हे सगळ्यात अवघड गेलं, कारण डिस्पॅचवाल्यांचे फोन मलाच येणार होते आणि आलेही. इन्सेंटिव्ह कुणाचा कापला नाही.

पोस्टर आता काढलंय. मॅनेजर मंडळींना माझी विनंती आहे की टार्गेट, खरेदी, बजेट हे आपल्या सहीने होतं, तिथे आधी हात घाला, खालच्या माणसाला उपदेश नंतर करा. आणि तुमच्या बातमीदाराने फेसाचा फोटो काढायला येताना एखाद्या शॉपच्या आतही यावं, ईटीपी रात्रपाळीत चालू असतो का ते बघावं. आमच्याकडे कधीही या, मालकांना विचारूनच लिहितोय.

आपला,
एक वाचक, भोसरी