गरिबाच्या मुक्या जिवालाही दवापाणी मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिले, तेव्हा आपल्याकडेही मोठी चर्चा झाली. कुत्रा रस्त्यावर आल्यावर काय करायचे, यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. घरातला कुत्रा रस्त्यावर येऊच नये म्हणून काय करता येईल, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. जनावर आजारी पडते, खर्च झेपत नाही, आणि एके रात्री त्याला लांबच्या नाक्यावर सोडून दिले जाते.

आमच्या रस्त्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशींच्या पिल्लाला पार्व्हो झाला होता. उलट्या, रक्ताची हगवण, पोटात पाणीही ठरेना. पार्व्होचा विषाणू मारणारे हमखास औषध नाही. सलाईन आणि इंजेक्शने देत पिल्लाला काही दिवस तगवावे लागते. त्याचे दिवसाला हजार-बाराशे रुपये. मावशींनी जमेल तेवढे दिवस भरले, मग त्या दवाखान्यात जायच्या थांबल्या. पिल्लू गेले. वेळेवर लस मिळाली असती, तर याच्या कितीतरी कमी खर्चात ते वाचण्याची शक्यता होती. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही. जागेचे भाडे, औषधे, एक्स-रेचे यंत्र, मदतनिसांचे पगार हे सगळे त्यांनी खिशातून किती दिवस सोसायचे?

‘परवडत नाही तर पाळता कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा वस्तीत फिरून यावे. तिथे कोणी पिल्लू विकत आणलेले नसते. पावसात कुडकुडणारे पिल्लू पोरांनी उचलून आणलेले असते आणि मोठे झाल्यावर तेच रात्री गाडीची, शेळ्यांची राखण करते. शिवाय हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस न टोचलेला पाळीव कुत्रा गल्लीतल्या प्रत्येक मुलाला धोका आहे.

माणसाच्या बाबतीत आपण निदान एक वाट तयार केली आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. ही योजना सगळीकडे नीट चालते असे नाही, पण दाद मागायला नियम तरी आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, ते कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा ते सांगतात. पाळीव जनावर घेऊन आलेल्या गरिबाला असे सांगणारे कोण आहे?

दानाची परंपरा तर आपल्याकडे जुनी आहे. परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ एकोणिसाव्या शतकात सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने. लंडनमध्ये मारिया डिकिन यांनी १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या एका तळघरात जनावरांचा मोफत दवाखाना काढला. त्यातूनच पीडीएसए ही संस्था वाढली आणि आज शंभर वर्षांनंतरही ती गरजू मालकांच्या जनावरांवर उपचार करते.

मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या रुग्णालयांत एक मदत कक्ष सुरू करावा. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड पाहून सवलत ठरवावी, आणि पैसे मालकाच्या हातात न देता थेट उपचारांच्या बिलात वळते करावेत. मालकाने जमेल तेवढा वाटा जरूर भरावा, त्यात त्याचाही मान राहतो. सुरुवात लस आणि नसबंदीपासून व्हावी; मादीची नसबंदी वेळेवर झाली तर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार आणि त्याची महागडी शस्त्रक्रिया दोन्ही टळतात. पैसा कुठून आणायचा? कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) कामांमध्ये प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपन्यांनी त्यांच्या सीएसआर निधीतला थोडा वाटा इकडे वळवावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. जिल्ह्यात कमी दरात उपचार करणाऱ्या सरकारी व धर्मादाय पशुरुग्णालयांचे पत्ते, वेळा आणि केसपेपरचे दर दर महिन्याला एकदा ठळकपणे छापावेत. अनेकांना असे दवाखाने आहेत हेच माहीत नसते.

आपली,
एक वाचक, ठाणे