कैद्याला विचारा, डोक्याला कधी मार लागला होता का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरचा वकील म्हणून गेली अकरा वर्षं मी तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांना भेटतो. गेल्या पावसाळ्यात मारामारीच्या गुन्ह्यातला एक पंचविशीचा मुलगा माझ्याकडे आला. जामीन अर्ज समजावला तेव्हा त्यानं मान डोलावली. आठवड्यानं गेलो तर अर्ज केलाय हेच त्याच्या लक्षात नव्हतं. बराकीत तो माजोरडा म्हणून प्रसिद्ध. गिनतीला हाक मारली तरी उठायचा नाही. दोन कामं एकदम सांगितली की पहिलं करून तिथंच उभा राहायचा. त्यापायी शिक्षाही भोगली.

मुलाखतीला आलेली त्याची आई मला म्हणाली, "साहेब, गाडीवरून पडल्यापासून हा माझा पोरगा राहिलाच नाही." केस बाजूला केले तर कानामागून टाळूपर्यंत टाक्यांचे व्रण. हेल्मेट नव्हतं, तीन दिवस बेशुद्ध होता. तुरुंगाच्या कागदांत याची एक ओळ नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तीन भेटींत मीही विचारलं नव्हतं, याची मला लाज वाटते.

कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, पुढचा विचार करतो. तिथं इजा झाली की माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण चटकन भडकतो, विसरतो, सांगितलेलं अर्धंच पकडतो. अशी इजा झालेले बहुतेक लोक गुन्हा करत नाहीत, हेही तितकंच खरं. पण तुरुंगात मात्र डोक्याला इजा झालेल्यांचं प्रमाण मोठं आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2010 साली काढलेला अंदाज सुमारे 60 टक्क्यांचा होता. स्कॉटलंडच्या तुरुंगांतल्या 109 स्त्रियांच्या तपासणीत 78 टक्क्यांना डोक्याची गंभीर इजा होऊन गेलेली आढळली. सर्वांत जास्त वेळा सांगितलेलं कारण होतं घरातली मारहाण.

म्हणून प्रश्न कसा विचारतो याला फार महत्त्व आहे. महिला बराकीत मी "अपघात झाला होता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही." "नवऱ्यानं कधी डोकं भिंतीवर आपटलं होतं का, चक्कर येऊन पडलात का?" असं विचारलं की बाई गप्प होते, मग हळूहळू बोलू लागते. नवऱ्याचा मार तिच्या लेखी अपघात नसतोच.

आपल्याकडे चारातले तीन कैदी कच्चे आहेत. निकाल लागायच्या आधीच ते आत आहेत. प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत हे दोन-तीन प्रश्न घालायला यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. इंग्लंडमधल्या काही तुरुंगांत अशा कैद्यांसाठी वेगळे कार्यकर्ते नेमले गेले. ते इथं जमेल तेव्हा जमो. तोवर हवालदारांना एवढं तरी शिकवावं: एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती त्याच्याकडून परत वदवून घ्या, तारीख कागदावर लिहून द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसोपचाराची सोय करायला सांगितलं आहे. संशय आलेल्या कैद्याला तिथं तरी पाठवावं.

त्या मुलाच्या आईनं घरातल्या पत्र्याच्या पेटीतून जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून आणलं. घडीवर फाटलेलं, पण अक्षर वाचता येतं. ते मी जामीन अर्जाला जोडलं आहे. सुनावणी येत्या मंगळवारी आहे.

– विधी सेवा पॅनेलवरील एक वकील, पश्चिम महाराष्ट्र