आधी लॉजिक ॲनलायझर, मग डीएसओ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रकल्पांचे दिवस आले की ठाण्यातले इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठतात आणि लॅमिंग्टन रोडवरून खिशात मावणारे ऑसिलोस्कोपचे (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र; डिजिटल असले की डीएसओ) किट घेऊन येतात. अशा कित्येक किटची मजल जेमतेम 200 किलोहर्ट्झ असते, आणि प्रकल्पातल्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाचे क्लॉक (ठोके देणारा सिग्नल) 16 मेगाहर्ट्झ, म्हणजे किटला न दिसणारे! पालकांचे पैसे असे वाया जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

डिजिटल सर्किट चालेनासे झाले की आधी पाहायचे ते कोणती लाइन केव्हा वर गेली नि केव्हा खाली आली. मल्टिमीटर इथे फसवतो. 5 व्होल्टचे क्लॉक व्यवस्थित चालू असले तरी डीसी रेंजवर तो सरासरी म्हणून अडीच व्होल्ट दाखवतो आणि चांगली आयसी (चिप) उगाच उपटली जाते. साधा लॉजिक प्रोब (लाइनला टेकवायचे पेनासारखे साधन) पल्सचा दिवा लावून हा घोळ मिटवतो. मात्र त्याचा टीटीएल-सीमॉस (आयसीच्या दोन जाती) खटका सर्किटप्रमाणे लावावा. 2.4 व्होल्ट हे टीटीएलच्या हिशेबी ‘हाय’ असते, पण 5 व्होल्टवरच्या 74एचसी या सीमॉस आयसीला साधारण 3.5 लागतात. तिथे टीटीएलची पातळी ओळखणारी 74एचसीटी घालावी.

पुढची खरेदी आठ चॅनेलच्या 24 मेगाहर्ट्झ यूएसबी लॉजिक ॲनलायझरची, म्हणजे आठ लाइनची वर-खाली एकाच वेळी लॅपटॉपवर दाखवणाऱ्या साधनाची. तो हजार रुपयांच्या आसपास मिळतो. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर यूआर्ट, आयटूसी, एसपीआय या चिपमधल्या संवादाच्या पद्धतींचे बाइट उलगडून दाखवते. सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलची नोंद घेण्याचा वेग (इथे 24 मेगाहर्ट्झ), सिग्नलच्या निदान चौपट हवे, त्यामुळे 6 मेगाहर्ट्झच्या पुढे त्याच्यावर विसंबू नये. 400 किलोहर्ट्झच्या आयटूसीला तो भरपूर झाला. ग्राउंड आधी जोडावा. इनपुटला 5 व्होल्टहून जास्त देऊ नये; 12 व्होल्टच्या रिलेची तार चुकून लागली तर ॲनलायझर तर जातोच, लॅपटॉपचा पोर्टही जाऊ शकतो.

हा ॲनलायझर फक्त शून्य-एक ओळखतो. दोन आउटपुट एकमेकांशी भांडून मधलेच व्होल्टेज आले किंवा सिग्नल वर-खाली होताना थरथरला (रिंगिंग), तर त्याला पत्ता नसतो. तिथे डीएसओच लागतो, आणि तो घ्यायचा तर किमान 50 मेगाहर्ट्झ बँडविड्थचा, म्हणजे तेवढ्या वेगापर्यंतचे सिग्नल दाखवणारा. डब्यावरचा ‘1 गिगासॅम्पल’ (सेकंदाला एक अब्ज नोंदी) बहुधा एका चॅनेलचा असतो, दोन्ही चालू केले की निम्मा होतो. डीएसओचा प्रोब (सिग्नल घेणारी तार) 10एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणाऱ्या खटक्यावर, ठेवावा. 1एक्सवर कितीही महाग डीएसओ 6-7 मेगाहर्ट्झवर अडतो. प्रोबच्या ग्राउंडची लांब शेपटी स्वतःच रिंगिंग निर्माण करते, दोष सर्किटच्या माथी. ती क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून भलत्या बिंदूला लावली की शॉर्ट. ते टाळायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. त्याने डीएसओच्या अंगातच वीज उतरू शकते.

कॉलेजांनी साहित्याच्या यादीत नुसते ‘ऑसिलोस्कोप’ न लिहिता बँडविड्थ, दोन चॅनेलवरचे सॅम्पलिंग आणि प्रोबचा प्रकारही लिहावा, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे