टीवायबीए अर्थशास्त्र : शनिवारची बैठक

मित्रमैत्रिणींनो, येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता विभागाच्या ग्रंथालयात बीएनंतरच्या वाटांबद्दल बोलायला बसू. तृतीय वर्षाच्या सर्वांनी यायचंच आहे. द्वितीय वर्षाचे आले तर फारच चांगलं, गणिताची तयारी त्यांना आत्तापासून करता येईल.

- यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बीएवर ती परीक्षा देता येत नाही. हे कुणालाही उशिरा कळू नये, म्हणून आधीच सांगतोय.
- आयआयटीत एमएस्सी करायचं असेल तर जॅम परीक्षा. तिच्या अर्थशास्त्राच्या पेपरात संख्याशास्त्र आणि गणितही असतं.
- बँक, विमा : पदवीनंतर थेट. एक्सेल शिकून घ्या.

प्रश्न शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. येताना वही आणा.