‘फाइन’चे समानार्थी आणि आमचे टॉवेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतलं शब्दसंपदेचं सदर वाचलं. रात्री लिहायला बसलो असतो तर भाषा बिघडली असती, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. ‘फाइन’ या शब्दाच्या चौकटीत आपण गुड, नाइस, एक्सलंट, ओके, थिन, डेलिकेट आणि पेनल्टी हे सगळे एका ओळीत बसवलेत आणि खाली विद्यार्थ्यांना सल्ला दिलात की, हे शब्द आलटूनपालटून वापरा, इंग्रजी समृद्ध होईल. वाहतूक पोलिसानं पावती फाडली की त्याला ‘व्हॉट अ नाइस’ म्हणायचं का? सदरलेखकांनी हा प्रयोग एकदा टिळक चौकात उभं राहून करून दाखवावा. मी बघायला येईन.

एरवी मी असल्या चौकटी वाचून पान उलटतो. पण ‘फाइन’ या शब्दानं आमच्या घराचं जे केलंय ते मला विसरता येत नाही, आणि त्यात आपल्या दैनिकाचाही वाटा आहे. कसा ते सांगतो.

अक्कलकोट रोडला आमचे टेरी टॉवेलचे माग होते. करोनाच्या आधीची गोष्ट. परदेशातला एक घाऊक खरेदीदार दरवर्षी हॉटेलांसाठी माल उचलायचा. समुद्री हिरवा रंग, काठात हॉटेलचं नाव इंग्रजीत विणलेलं. त्या वर्षी आम्ही मेल टाकला की, नेहमीचा माल सुरू करायचा का. उत्तर आलं, ‘थँक यू, वी आर फाइन फॉर टॉवेल्स धिस सीझन.’ मेलचं काम पुतण्याकडे. तो बी. कॉम. झालेला आणि टेबलाच्या काचेखाली आपल्याच पुरवणीतलं समानार्थी शब्दांचं कात्रण ठेवलेला. त्यात ‘फाइन : उत्तम, छान’. त्यानं अर्थ लावला, या हंगामासाठी टॉवेल उत्तम आहेत. मला फोन करून म्हणाला, ‘काका, होकार आला.’ मी गावाला गेलेलो. परत येईपर्यंत सूत डाईंगला जाऊन आलेलं, बीम चढलेलं आणि माग सुरू.

त्या वाक्याचा खरा अर्थ असा, की आमच्याकडे आहेत तेवढे टॉवेल पुरेसे आहेत, यंदा नकोत. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणून माणूस चहासुद्धा नाकारतो. होकारासारखा दिसणारा सभ्य नकार आहे तो. हा अर्थ त्या कात्रणात नव्हता आणि कालच्या चौकटीतही नाही. ज्या अर्थानं माणूस बुडतो नेमका तोच आपण दोन्ही वेळा गाळलात, याला काय म्हणायचं?

माल तयार झाल्यावर कळवलं तेव्हा तिकडून एका ओळीचा मेल आला. आम्ही मागवलाच नव्हता, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या हॉटेलचं नाव काठात असलेला टॉवेल घेणार कोण? थोडा माल चाटी गल्लीत किलोच्या भावानं गेला, थोडा नातेवाइकांच्या लग्नात आहेर म्हणून खपवला, उरलेला घरी. आजही आमच्याकडे पाहुणा अंघोळ करून बाहेर आला, की काठावरचं नाव वाचतो आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की मी हा टॉवेल हॉटेलातून बॅगेत घालून आणलाय. धाकट्या व्याह्यांनी तर विचारलंच, ‘तिकडं कधी गेला होता?’ काय सांगणार? सांगायला गेलं की ‘फाइन’पासून सुरुवात करावी लागते.

आता सदरलेखक म्हणतील, दुकानदाराला काय कळतं इंग्रजीतलं. माझा सगळा जन्म सुतात गेला. सुताच्या बाजारात फाइन म्हणजे चांगलं नव्हे, फाइन म्हणजे बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा काउंट. म्हणून आकडा मोठा तितकं सूत बारीक. नव्या पोराला हे हमखास उलटं वाटतं. ८० चं सूत फाइन, १० चं कोर्स, म्हणजे जाड. पण कोर्स म्हणजे वाईट असं कुणी म्हणत नाही. १० चं सूत एकसारखं, मजबूत असू शकतं आणि ८० चं गाठीगाठींचं, गचाळ. चादरीला, टॉवेलला जाडच सूत लागतं. आपल्या चौकटीप्रमाणे थिन आणि एक्सलंट एकच धरले, तर सोलापुरी चादर जन्माची नापास.

सराफाकडे जा, तिथं फाइन म्हणजे शुद्ध. हजार भागांत सोनं किती, तो फाइननेस. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो तो हाच. क्रिकेटमध्ये फाइन लेगला उभा राहणारा बारीक नसतो आणि उत्तम असेलच असंही नाही. स्क्वेअरला न राहता यष्टींच्या मागच्या रेषेकडे सरकून उभा असतो, एवढंच. आणि हवेच्या बातम्यांत पीएम २.५ येतं ना, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूलिकण, त्यांना इंग्रजीत फाइन पार्टिकल्स म्हणतात. आपल्या सल्ल्याप्रमाणे ते ‘एक्सलंट पार्टिकल्स’. तेव्हा सोलापूरकरांनी रस्त्यावर उभं राहून खोल श्वास घ्यायला हरकत नाही.

खरं तर या शब्दात पोरांना सांगण्यासारखी मोठी गंमत होती. दंड आणि उत्तम हे दोन्ही अर्थ लॅटिनमधल्या ‘फीनिस’ या एकाच शब्दातून, जुन्या फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत आले. फीनिस म्हणजे शेवट. तंटा मिटवायला, प्रकरण संपवायला जी रक्कम मोजायची तो दंड. आणि जे पार टोकाला नेलं, ज्यावर आणखी हात फिरवायला जागा उरली नाही, ते उत्तम. फायनल आणि फिनिश तर उघडच त्या घरातले, पण फायनान्ससुद्धा तिथलाच. मुळात देणं फेडून हिशेब संपवणं. एवढं छापलं असतं तर मी कात्रण काढून ठेवलं असतं. पण ते शोधायला कोश उघडावा लागतो. चौकट भरायला बहुधा नाही लागत.

समानार्थी कोश तरी कशासाठी असतो? पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं १८५२ साली इंग्रजीचा थिसॉरस काढला, त्यात शब्द अर्थाच्या गटांनी मांडले. हेतू हा, की लिहिणाऱ्याला हवा तो नेमका शब्द निवडता यावा. डोळे मिटून कुठलाही उचलावा यासाठी नव्हे. मराठीत ही समज आपल्याला न शिकवता असते. अंगात बारीक ताप असतो, नाजूक ताप नसतो. परिस्थिती नाजूक असते, बारीक नसते. पैलवान दंड थोपटतो आणि हेल्मेट नसलेला दंड भरतो. दोघांनी अदलाबदल केली तर तालमीतही हसतील आणि चौकीतही. मग इंग्रजी शब्दांपाशी येऊनच आपली अक्कल गहाण का पडते?

सदर बंद करा असं माझं म्हणणं नाही. माझी नात ते वाचते, वहीत उतरवूनही घेते. म्हणून तर जास्त काळजी. मागणी एवढीच, की प्रत्येक अर्थासमोर तो अर्थ जिथं चालतो असं एक वाक्य द्या आणि ‘आलटूनपालटून’ हा शब्द हद्दपार करा. जागा नसेल तर सात अर्थांऐवजी दोनच द्या, पण धड द्या. आणि टाइप मोठा करा. सध्याची चौकट ‘फाइन’ प्रिंटमध्ये आहे, इथं मात्र तो शब्द अगदी चपखल बसतो. माझा चष्मा नवा आहे, तरी भिंग घ्यावं लागलं.

पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. पान दोनवर पेठांनुसार पाण्याचं वेळापत्रक यायचं, ते बंद का केलंत? उजनी भरलं की पहिल्या पानावर धरणाचा रंगीत फोटो येतो, फार छान येतो. पण आमच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि पहाटे की रात्री, ते शेजारच्या वहिनींना विचारावं लागतं, आणि त्यांना ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं, तेही कधी कधी पाणी येऊन गेल्यावर. वर्गणी मात्र आम्ही आपल्याकडे भरतो. जागेची अडचण सांगू नये. शब्दसंपदेची चौकट आणि तिच्या खालची राशीफळाची पट्टी मिळून जेवढी जागा होते, तेवढ्यात सगळ्या पेठांचं आठवड्याचं वेळापत्रक मावतं. मी पट्टी लावून मोजलंय.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार,
साखर पेठ, सोलापूर